खडूंच्या डब्यातला परका

तुमच्या घरात लहान मूल आहे का? असेल तर माझं बोलणं ऐकता ऐकताच एकदा उठाल का? घरात जेवढे पांढरे खडू असतील तेवढे हातात घेऊन बघा. प्रत्येक खडू कुठून आला, कोणी आणला, कशासाठी आणला, हे आठवतंय ना? आठवत असेल तर बसा निवांत. नसेल, तर आधी माझी गोष्ट ऐका.

मी खडू बोलतोय. पण फळ्यावरचा नव्हे. मी झुरळांचा खडू. रंगाने, उंचीने, जाडीने मी शाळेतल्या खडूसारखाच दिसतो. शेजारी ठेवलंत तर सख्खे भाऊ म्हणाल. फरक आहे तो पोटात. त्याच्या पोटात नुसती भुकटी, माझ्या पोटात भुकटीबरोबर विष.

माझा जन्म एका लांबट, पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात झाला. ओला पांढरा लगदा साच्यात ओतायचा, वाळवायचा, वेष्टनात भरायचा. आम्हाला साच्यात ओतणाऱ्या बाईने नाकातोंडावर जाड फडकं बांधलेलं असायचं, हातात कोपरापर्यंत मोजे. जेवायला जाण्याआधी ती साबणाने दोनदा हात धुवायची. मला तेव्हा वाटायचं, बाई फार टापटिपीची आहे. तिला आमची भीती वाटते, हे कळायला मला माणसांच्या घरात जावं लागलं.

माझ्या वेष्टनावर उताणं पडलेलं झुरळ छापलं होतं, चांगलं ठसठशीत. खाली 'मुलांपासून दूर ठेवा' असंही छापलं होतं. पण ते इतक्या बारीक अक्षरात, की ते वाचायला मुंगीच हवी. आणि मुंगी जवळ आली की वाचायला उरत नाही.

असा मी नळाच्या सामानाच्या एका दुकानात येऊन पडलो. तिथून मला ज्यांनी नेलं ते गृहस्थ नळदुरुस्तीचं काम करत. अख्ख्या वस्तीत कुठे पाइप फुटला, टाकी वाहू लागली, की यांना बोलावणं. त्यांची बायको घरीच पाळणाघर चालवायची. आईवडील कामाला जाताना मुलं तिच्याकडे सोडत. मुलं तिला मावशी म्हणत आणि त्यांना नळवाले काका. मीही तसंच म्हणतो.

घर लहान, पण लख्ख. पुढच्या खोलीत चटया, एका भिंतीला मुलांच्या उंचीवर लावलेला काळा फळा, त्याच्याखाली खडूंचा पत्र्याचा डबा. मागे स्वयंपाकघर. सिंकखालचा पाइप गळत होता आणि तिथे एक जुनं डबडं ठेवलेलं होतं. टप... टप... टप... दिवसभर तेवढा एक आवाज. घरच्यांच्या कानाला तो सवयीचा झाला होता. माझ्या कानाला कधीच झाला नाही.

मला आणायचं कारण झाली चिमणी. चिमणी म्हणजे पाळणाघरातली सगळ्यात धाकटी, दीड वर्षाची. चालताना डुलायची आणि दिसेल ते तोंडात घालायची. चप्पल, कंगवा, दुसऱ्याचा अंगठा, तिला काही वर्ज्य नव्हतं. तिची आई बसमध्ये कंडक्टर. आदल्या दिवशी घरी गेल्यावर तिने मुलीची पिशवी उघडली, तर दुपट्यातून झुरळ टुणकन बाहेर.

"मावशी, तुमच्याकडे मूल सोडते ते तुम्ही माणूस चांगल्या म्हणून," ती दारातच म्हणाली होती. "पण एक मूल सोडायचं आणि परत नेताना सोबत चार पाहुणे, असं नको हो. दुसरीकडे जागा बघायला लावू नका मला."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. ते पाळणाघर म्हणजे तिचा जीव की प्राण होता. कुठलं मूल कोणत्या कुशीवर झोपतं, कोणाला दूध कोमट लागतं, कोणाला निजवताना कान धरू द्यावा लागतो, हे सगळं तिला पाठ. एक आई नाराज होऊन गेली की चार आयांना सांगणार, आणि मग चटया रिकाम्या, हे तिला ठाऊक होतं.

तिने हातपाय हलवले नव्हते असं नाही. पण विषाचं नाव काढलं की तिच्या अंगावर काटा यायचा. फडताळात लवंगा, ओट्याच्या फटींत तमालपत्र, बाटलीत साबणाचं पाणी, साखरेत कालवलेला खायचा सोडा. घर नुसतं घमघमत होतं. झुरळं मात्र होती तिथेच.

"तुझ्या लवंगा चावून चावून झुरळांचे दात मजबूत झालेत," काका म्हणाले आणि त्यांनी मला खिशातून काढून ओट्यावर ठेवलं. "हा बघ. एक रेघ मारायची की काम तमाम."

"आणि मुलं? ती रांगतात हो या फरशीवर."

"अगं, मुलं स्वयंपाकघरात येतात कुठे? सिंकखाली मारतो, गॅसच्या मागे मारतो. तू सोमवारी सकाळी पुसून टाक. झालं."

मावशीने मला हातात घेतलं नाही. लांबूनच बघितलं. "अगदी मुलांच्या खडूसारखा दिसतो हो हा."

"मग काय झुरळासारखा दिसायला हवा होता?"

ती हसली नाही. "तुमच्या त्या गळक्या पाइपाचं पाणी प्यायला येतात ती सगळी. गावभराचे नळ बसवता आणि आपल्या सिंकखाली डबडं!"

"बसवतो गं, बसवतो. घरचं काम काय, पळून चाललंय का?"

घरचं काम पळत नाही, म्हणूनच ते मागे राहतं. माणसांची ही एक गंमत मी पाहिली आहे. दुसऱ्याच्या घरचा थेंब त्यांना ऐकू येतो, स्वतःच्या घरचा नाही.

शनिवारी संध्याकाळी शेवटचं मूल घरी गेल्यावर काकांनी रेघा मारल्या. काम चोख केलं, तो माणूस कामात कच्चा नव्हता. पण त्याला एक सवय होती. पाइप कुठे कापायचा ती खूण तो खडूने करायचा आणि खूण झाली की खडू कानामागे खोचायचा. तीस वर्षांचा हात. रेघा मारून झाल्या आणि त्याच हाताने मला कानामागे खोचलं. मग ते पुढच्या खोलीत येऊन हत्यारांची पिशवी उचलायला वाकले, आणि मी घसरलो. चटईच्या काठाशी पडलो. गुंडाळी केलेल्या चटईच्या आड कोणाला दिसलो नाही.

काकांना वाटलं, खडू हिने उचलून ठेवला असेल. मावशीला वाटलं, खडू ह्यांनी परत पिशवीत टाकला असेल. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माणसं बोलल्याशिवायच किती गोष्टी ठरवून टाकतात!

सोमवारी सकाळी मावशीने सिंकखालच्या रेघा पुसल्या, उताणी पडलेली झुरळं केरात भरली आणि हात साबणाने घासघासून धुतले. मी ते आवाज पुढच्या खोलीतून ऐकत होतो. मुलं आली. चटया उलगडल्या. आणि मी उघडा पडलो.

मला बघितलं हेडबाईने. ही पाच वर्षांची, पाळणाघरातली सगळ्यात मोठी, आणि बाकीच्यांवर हुकूम चालवणारी, म्हणून मावशीनेच तिचं नाव हेडबाई ठेवलं होतं. मावशीचा एक नियम होता आणि तो मुलांच्या अंगी तिने अगदी मुरवला होता: खाली पडलेलं दिसलं की जागच्या जागी. मोजा मोज्यांच्या टोपलीत, ठोकळा ठोकळ्यांत, खडू खडूंच्या डब्यात.

हेडबाईने मला उचललं, डब्यात टाकलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, बघ, मी जागच्या जागी ठेवला!"

"शाब्बास गं माझी बाय ती," मावशी दूध गाळता गाळता आतूनच म्हणाली.

तिच्याच चांगल्या शिकवणीने मला त्या डब्यात नेऊन बसवलं. कोणाला दोष देणार?

डब्यातले खडू मोठे सालस होते. गुलाबी खडू, निळा खडू, झिजून बोराएवढा झालेला पिवळा. गुलाबी खडूने मला विचारलं, "तू कुठल्या शाळेतून आलास?" मी काय सांगणार? माझी पांढरी भुकटी त्याच्या अंगाला लागत होती. मी डब्याच्या कोपऱ्यात सरकायला बघायचो, पण दर थोड्या वेळाने एखादा छोटा हात आत यायचा, डबा खुळखुळवायचा आणि मी पुन्हा सगळ्यांच्या मधोमध.

ते दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. हात आला की मी आक्रसायचो. बोटं निळ्यावर थांबली की सुटलो वाटायचं, माझ्याकडे वळली की धस्स व्हायचं. झुरळांच्या वाटेवर माझं काही चुकत नव्हतं. तिथे मी ज्यासाठी जन्मलो तेच करत होतो. पण इथे? इथल्या फळ्यावर सूर्य काढायचे, मासे काढायचे, आईला चार बोटं आणि बाबांना सात बोटं काढायची. हे काम माझं नव्हे. मला कोणी ओरडायला तोंड दिलं नव्हतं. आणि स्वयंपाकघरातून आपलं चालूच, टप... टप... टप...

कारण झुरळं पुन्हा आली होती. पहिल्या दिवशी मेली ती मेली. पण पाणी होतं तिथेच, म्हणून नवी आली. मावशीने ते काकांच्या नजरेस आणलं. "उद्या परत रेघ मारू," ते म्हणाले. खडू कुठे आहे, हे तेव्हाही कोणी बघितलं नाही.

त्या दुपारी मुलं निजली होती. जागी होती ती फक्त हेडबाई आणि चिमणी. मावशी भिंतीला टेकून धुतलेल्या दुपट्यांच्या घड्या करत होती. हेडबाईने डब्यात हात घातला आणि मला उचललं.

फळ्यापर्यंत गेली नाही. तिथेच फरशीवर तिने घर काढायला घेतलं. चार भिंती, उतरतं छप्पर, दार. मी भसाभसा उमटत होतो. दाराला कडी काढताना तिने जोर दिला आणि मी कट्कन मोडलो. मोठा तुकडा तिच्या हातात राहिला. धाकटा गडगडत गेला आणि चिमणीच्या पायाशी थांबला.

दुसऱ्याच क्षणी तो तिच्या तोंडात होता.

मावशीचं लक्ष मात्र फरशीवरच्या घराकडे गेलं होतं. हेडबाईने बिस्कीट खाल्लं होतं, त्याच्या चुऱ्यावर मुंग्यांची रांग लागली होती. ती रांग त्या काढलेल्या घराच्या भिंतीशी आली. पहिली मुंगी रेघेवर चढली, गरगरली, आडवी झाली. तिच्यामागची तशीच. तिसरीने पाय झाडले. घराच्या दाराशी बारीक काळे ठिपके पडत चालले.

मावशीच्या हातातलं दुपटं गळून पडलं. तिने झडप घालून हेडबाईच्या हातातून मला ओढलं, नाकाशी नेलं आणि तिचे डोळे मोठे झाले. मग तिने वळून पाहिलं. चिमणीचे ओठ पांढरे होते. ती मजेत चघळत होती.

त्या एका क्षणी मावशीच्या घशातून जो आवाज निघाला, तो मला विसरता येणार नाही. पण हातपाय गाळून ती बसली नाही. मला कागदावर टाकून तिने आधी हात धुतले. चिमणीच्या तोंडातला तुकडा बोटाने अलगद काढला, ओल्या फडक्याने तोंड, जीभ, हिरड्या पुसल्या, दोघींचे हात साबणाने धुतले. आणि ओल्या हातानेच फोन लावला.

"अहो, खडू कुठे ठेवलात?"

पलीकडून काका म्हणाले, "म्हणजे? तू ठेवलास ना?"

बस्स. एवढंच. 

काका मागच्याच गल्लीत काम करत होते, ते धावत आले. त्यांच्या पिशवीत माझं वेष्टन होतं. मावशीने ते आणि माझे दोन्ही तुकडे पिशवीत बांधून घेतले, चिमणीला उचललं, बाकीची मुलं काकांवर सोपवली. निघता निघता तिने चिमणीच्या आईला फोन केला.  तिने काही लपवलं नाही. "बाई, चिमणीच्या तोंडात झुरळांचा खडू गेलाय. चूक आमच्या घरची आहे. मी तिला घेऊन दवाखान्यात निघाले, तुम्ही तिथेच या."

हेडबाई दारात रडत उभी होती. "मावशी, मी जागच्या जागी ठेवला होता..."

"तुझं काही चुकलं नाही, बाळा," मावशी म्हणाली. "जागाच आमची चुकली."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वेष्टन वाचलं, चिमणीचे डोळे बघितले, छातीला नळी लावली. "ओकारी काढायचा प्रयत्न केलात का?"

"नाही. कळेना काढावी की नाही. भीती वाटली."

"बरं केलंत. वेष्टन आणलंत हे तर फारच बरं. संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू."

चिमणी एकदा ओकली. ओठ झिणझिणत असावेत, म्हणून ते हाताने चोळत किरकिरत राहिली. तेवढ्यात तिची आई आली. अंगावर कंडक्टरचा गणवेश, तिकिटाचं यंत्र अजून खांद्याला. तिने मावशीकडे बघितलंसुद्धा नाही. लेकीला कुशीत घेतलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं.

मी टेबलावर, बांधलेल्या पिशवीत. सगळ्यांना दिसेल असा. त्या खोलीत इतकं नकोसं दुसरं काही नव्हतं.

उन्हं कलली तशी चिमणीची किरकिर थांबली. तिने डॉक्टरीणबाईंचं पेन हिसकावलं आणि सरळ तोंडात घातलं.

"आली ताळ्यावर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पेन सोडवून घेतलं. "फार थोडं गेलं होतं पोटात. आज रात्री लक्ष ठेवा, काही वेगळं वाटलं तर लगेच आणा."

आता मावशीला रडू फुटलं. "मी सांगत होते हो ह्यांना, घरगुती उपायच बरे. लवंगा, कापूर... शेजारच्या आजी तर बोरिक पावडरच्या गोळ्या करा म्हणत होत्या."

"थांबा थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कापूर आणि बोरिकसुद्धा मुलाच्या पोटात गेलं की विषच. घरगुती हा शब्द पोटाला कळत नाही. आणि लवंगांनी झुरळं गेली का तुमची?"

"नाही," मावशी खाली मान घालून म्हणाली.

"खडूने गेली?"

"आधी गेल्यासारखी वाटली. परत आली."

"मग ती येतात कशाला, ते बघा. पाणी कुठे साचतंय?"

"सिंकखाली. पाइप गळतोय," मावशी म्हणाली. मला तिथेही ऐकू आलं. टप... टप.

"पाणी बंद करा, खरकटं झाका, फटी बुजवा. हे आधी. त्यानंतरही उरली आणि औषध लागलंच, तर ते मुलांचा हात पोचणार नाही अशा आतल्या फटीत, मुलं घरी नसताना, वेष्टनावर लिहिलंय तेवढंच. मुलांच्या वस्तूसारखं दिसणारं विष मात्र मुलांच्या घरात अजिबात नको."

चिमणीची आई तेव्हा प्रथम बोलली. "झुरळाची तक्रार मीच केली होती ना मावशी. पण हे नको होतं हो. याच्यापेक्षा झुरळ परवडलं."

"उद्या..." मावशीने तोंड उघडलं.

"उद्याचं उद्या," ती म्हणाली आणि मुलीला खांद्यावर टाकून निघून गेली.

मावशी मला त्याच पिशवीतून घरी घेऊन आली तेव्हा काका सिंकखाली आडवे होते. नुसते पाय बाहेर दिसत होते. जुना पाइप उखडून फेकलेला, नवा बसलेला, आणि ते भिंतीतली फट पांढऱ्या सिमेंटने बुजवत होते. बाहेर न येताच त्यांनी विचारलं, "पोर?"

"बरी आहे. गेली घरी."

 आतून नाक ओढल्याचा आवाज आला. मावशी तिथेच फरशीवर टेकली आणि त्यांच्या पायावर हात ठेवून बसून राहिली. दोघांपैकी कोणी कोणाला टोमणा मारला नाही. घरात एक वेगळंच काहीतरी वाटत होतं. जरा वेळाने मला उमगलं. टपटप थांबली होती.

मग तिने पुढच्या खोलीची फरशी साबणाच्या पाण्याने घासली. हेडबाईने काढलेलं घर पुसून गेलं. खडूंचा डबा मात्र तिने धुतला नाही, तसाच कचऱ्यात द्यायला बांधला. गुलाबी, निळा, बोराएवढा पिवळा, सगळ्यांना माझी भुकटी लागली होती. त्यांचा काय दोष होता? गुलाबी खडूने जाता जाता मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मुलं न्यायला आलेल्या आईबापांना काकांनी संध्याकाळीच सगळं खरं सांगून टाकलं होतं. कोणी ऐकून घेतलं, कोणी तणतणत गेलं.

आता मी एका काचेच्या बरणीत आहे. झाकण घट्ट लावलेलं, वर मावशीच्या हातची मोठी अक्षरं: विष. बरणी उंच फळीवर ठेवली आहे. घातक कचरा नेणारी गाडी आली की तिच्यात मला द्यायचं ठरलंय. तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते ती मला. "बघून ठेवा," म्हणते, "असा दिसतो."

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मला वापरायचं की लवंगांनी भागवायचं, यावर घरात खुशाल भांडा. पण भांडण संपल्यावर मी कुठे आहे, हे एकमेकांना तोंडाने विचारा. आणि त्याआधी, तुमच्या सिंकखाली जरा कान द्या.

दुसऱ्या दिवशी मावशीने सकाळची चटई अंथरली तेव्हा तिचे कान दाराकडे लागले होते. माझेही.

दार वाजलं. चिमणीची आई आली होती, चिमणी तिच्या कडेवर होती. ती कोणाशी काही न बोलता सरळ स्वयंपाकघरात गेली, वाकली, सिंकखालच्या फरशीवरून हात फिरवला, हात कोरडा आहे हे बघितलं, आणि मग मुलीला खाली ठेवलं.